फाइफ आणि ड्रम: दहा आठवड्यांत पथक उभं राहील का?

घोडबंदरकर

ठाण्याचा किल्ला इंग्रजांनी डिसेंबर १७७४ मध्ये मराठ्यांकडून घेतला, त्यावर चाळीस मिनिटांचा मैदानी प्रयोग बसवतोय. किल्ल्यात आज कारागृह आहे, तेव्हा प्रयोग तिथे शक्यच नाही. उपवनच्या बाजूला मोकळ्या जागेत, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, संध्याकाळी करायचा आहे. इंग्रजांची तुकडी चालत येते तिथे रेकॉर्ड लावायची नाही, फाइफ आणि ड्रम प्रत्यक्ष वाजले पाहिजेत, एवढं नक्की.

हाताशी आहेत तेरा ते सतरा वयाची बारा मुलं. चौघं ढोलपथकात ताशा वाजवतात, तिघांना बासरी येते, बाकी कोरी पाटी. एका शाळेचे १४ इंची साईड ड्रम उसने मिळतायत. आठवड्यातून तीन संध्याकाळी सराव.

फाइफऐवजी आपली छोटी बासरी चालेल का? नसेल तर नेमकी काय मागवू? दोरीचा ड्रम लागेल की शाळेचा चालेल? आणि त्या काळी हे लोक वाजवायचे तरी काय? सैन्य मागे हटताना 'रिट्रीट' वाजवायचा असं संहितेत लिहिलंय, ते बरोबर आहे ना?

सहाभोकं

फाइफबद्दल सांगतो, ड्रमवाले ड्रमचं सांगतील.

फाइफ म्हणजे आडवी धरायची, एकसंध लाकडाची, सहा भोकांची बारीक नळी. आतली पोकळी सरळ, टोकाला निमुळती नाही. दोन्ही टोकांना पितळी कडी असतात, कारण लाकूड चिरतं ते टोकापासूनच. किल्ली (भोक झाकणारी धातूची चावी) एकही नाही. आज परदेशी पथकांत दहा-अकरा भोकांच्याही फाइफ दिसतात, कोमल-तीव्र सोपे जावेत म्हणून. तुमच्या १७७४ ला सहाच ठेवा.

आजच्या पथकांत चालणारी नेहमीची फाइफ अशी: सहाही भोकं बंद केली की बी-फ्लॅट, म्हणजे आपली काळी पाच, सुमारे ४६६ हर्ट्झ. एकूण लांबी ४० सेंटिमीटरच्या आसपास, फुंकायच्या भोकाच्या मध्यापासून उघड्या टोकापर्यंत ३३ च्या आसपास, आतला व्यास ११ ते १२ मिलिमीटर.

बासरी मागवताना हमखास घोटाळा होतो तो इथेच. बासरीवाला पट्टी सांगतो ती तीन भोकं बंद करून लागणाऱ्या सा ची. सहा बंद केली की त्याचा खालचा प लागतो. फाइफवाला मात्र सहा बंद असतानाच्या स्वराला आधार धरतो. म्हणजे तुम्ही दुकानात 'काळी पाचची बासरी द्या' म्हणालात तर येईल ती भलतीच. तुम्हाला हवी ती बासरीवाल्याच्या भाषेत काळी दोन, तीही वरच्या सप्तकातली, छोटी. सहा बंद करून ट्यूनरवर बी-फ्लॅट दिसतो का, हे दुकानातच बघा.

आता चालेल का? खालच्या सप्तकात सुंदर चालेल. फाइफ तिथे वाजतच नाही, ही अडचण आहे. फाइफची धून बहुतेक दुसऱ्या सप्तकात असते आणि तिसऱ्यात शिरते. खालचे स्वर ड्रमसमोर दहा पावलांवर विरून जातात, वरचे मैदानाच्या पलीकडे पोहोचतात. पोकळी लांबीच्या मानाने बारीक असली की वरचे स्वर सहज उचलले जातात. आपल्याकडच्या छोट्या बासऱ्या बऱ्याचदा गोड आवाजासाठी जरा रुंद पोकळीच्या असतात, त्यांचं तिसरं सप्तक ओढूनताणून येतं. बांबू निवडताना आतला व्यास १३ च्या वर गेलेला घेऊ नका.

माझं मत: एक खरी लाकडी फाइफ मागवा आणि तिच्यावरून बाकीच्या घरी करा. गरम पाण्याच्या नळाला वापरतात तो अर्ध्या इंचाचा सीपीव्हीसी पाइप घ्या. त्याचा आतला व्यास साधारण साडेबारा मिलिमीटर, म्हणजे कामापुरता जवळ. पाइप ४२ सेंटिमीटर कापा. एका टोकाला बूच घट्ट बसवा. फुंकायचं भोक लंबगोल, पाइपच्या दिशेने थोडं लांबट, दहा मिलिमीटरच्या आत. कडा आतून-बाहेरून टोकदार ठेवा, गोल झाली तर नुसती हवा सुसकारते. बाकीची भोकं अजून पाडायची नाहीत. पाइप लांब आहे म्हणून स्वर खाली लागेल, शेवटाकडून दोन-दोन मिलिमीटर कापत बी-फ्लॅटवर आणा. मग टोकाकडून वर एकेक भोक: जागा खऱ्या फाइफवरून घ्या, ५ मिलिमीटरचं पाडा आणि कानशीने वाढवत न्या. उघडत जाल तसे सी, डी, ई-फ्लॅट, एफ, जी, ए लागले पाहिजेत. भोक जास्त झालं तर स्वर चढतो. कडेला मेण लावून उतरवता येतो, पण घामाने मेण सुटतं. म्हणून घाई नको.

बुचाची जागाही महत्त्वाची. फुंकायच्या भोकाच्या मध्यापासून बूच साधारण पोकळीच्या व्यासाइतकं लांब, म्हणजे बारा मिलिमीटरच्या आसपास ठेवून सुरुवात करा. मग खालचा स्वर आणि त्याचाच वरचा वाजवून बघा. वरचा चढा येत असेल तर बूच भोकापासून लांब सरकवा, उतरा येत असेल तर जवळ आणा. हे न बघता मुलांच्या फुंकीला दोष देणारे शिक्षक बरेच असतात.

आणि सगळ्या फाइफ एकाच नळीच्या, एकाच हाताच्या असू देत. दोन बांबूच्या, तीन प्लास्टिकच्या, एक लाकडी असं जमवलंत तर प्रत्येकीचं तिसरं सप्तक वेगळीकडे जातं, आणि या उंचीवर पाव सुराचा फरकही दात आंबवतो. बाजारात शालेय प्लास्टिक फाइफ मिळते ती सी स्वरातली असते. शिकायला छान, पण बी-फ्लॅटवाल्यांत मिसळू नका.

ढोलाचं पान

ताशावाली चार पोरं आहेत म्हणजे अर्धी लढाई जिंकलीच, असं वाटत असेल तर जरा थांबा. लय पक्की असेल, मान्य. पण हाताला लागलेलं वळण मोडावं लागणार.

ताशा कमरेपुढे आडवा, दोन्ही तळवे खाली, लवचीक कामट्या. तर्री म्हणजे कामटीच्या लवचिकपणावर हात इतका भरभर फिरतो की ठोके मोजता येत नाहीत. इथे उलट. ड्रम गळ्यातल्या पट्ट्यावर डाव्या मांडीजवळ लटकतो, तोंड उजवीकडे कललेलं. म्हणून डावी काडी तळवा वर ठेवून, अंगठ्याच्या बेचक्यात आणि अनामिकेवर टेकवून धरतात. तसं धरलं नाही तर डावा हात कडावर आपटतो. काडी १६-१७ इंची, जाड, न वाकणारी. कामटीने वाजवलात तर पान फक्त चरचरेल.

रोल इथे दोन-दोन ठोक्यांचा: उजवा-उजवा, डावा-डावा. पहिला ठोका हाताने मारायचा, दुसरा उसळीतून घ्यायचा पण तितकाच ठळक. ताशावाल्यांचा दुसरा ठोका पडतो मऊ, आणि मग रोल लंगडतो. यावर उपाय म्हणजे उशीवर सराव. उशी काडीला उसळी देत नाही, दुसरा ठोका मनगटाने मारावाच लागतो. पहिले दोन आठवडे रोज दहा मिनिटं उशीवर, मग रबराच्या तुकड्यावर. शेजारीही शांत.

अमेरिकेत १९३३ साली ड्रमवाल्यांच्या संघटनेने २६ मूळ बोल ठरवले, १९८४ मध्ये त्यांचे ४० झाले. तुम्हाला सहा पुरतील. लांब रोल. पाच ठोक्यांचा रोल: उउ डाडा उ, शेवटचा जोरात. सातांचा. फ्लॅम, म्हणजे मोठ्या ठोक्याच्या अगदी आधी दुसऱ्या हाताचा बारीक ठोका. बारीक काडी पानापासून दोन इंचावर, मोठी कानाजवळ, दोन्ही एकदम सोडायच्या. पॅराडिडल: उ डा उ उ, डा उ डा डा. आणि ड्रॅग, म्हणजे मोठ्या ठोक्याआधी दोन बारीक. प्रत्येक बोल संथ सुरू करायचा, हळूहळू चढवायचा, आणि तितक्याच हळू उतरवायचा. चढताना सगळेच बरे वाजवतात, उतरताना उघडे पडतात.

आता ड्रम. १७७४ चा म्हणजे दोरीचा. लाकडी पिंप, वर-खाली लाकडी कडी, कड्यांना भोकं, त्यांतून दोरी नागमोडी ओवलेली, आणि दोन-दोन दोऱ्यांवर चामड्याचा एक कान. कान खाली ओढला की दोऱ्या जवळ येतात, पान आवळतं. खालच्या पानाला आतड्याच्या तारा, म्हणून तो खरखरीत आवाज. आपल्या ढोलाची दोरी भरणारा कारागीर हे बघूनच समजेल, वेगळं शिकवावं लागणार नाही. दहा कानांचा, १६ इंच उंच ड्रम धरा: दोरीचे वीस फेरे, प्रत्येकी १७ इंच म्हणजे ३४० इंच, सुमारे सव्वाअठ्ठावीस फूट. गाठी आणि खाली लोंबणारी वेणी धरून ३५ फूट घ्या. दोरी न ताणणारी हवी. नायलॉन ताणत राहतो, अर्ध्या प्रयोगात ड्रम ढिला. सुतळीही नको, तुटते.

पण दहा आठवड्यांत हे करू नका. शाळेच्या १४ इंची ड्रमवर शिका, शेवटच्या तीन आठवड्यांत त्याच ड्रमच्या बाहेरून दिखाव्याची दोरी आणि रंगवलेलं कापड लावा. खरे आवळायचे नट आतच राहू द्या. आवळताना समोरासमोरचे नट जोडीने, अर्धा-अर्धा फेरा. ओळीने गोल फिरवत गेलात तर पान एका बाजूला ओढलं जातं आणि कडं वाकतं. खालच्या तारा इतक्याच आवळा की कागदाचा तुकडा पानावर ठेवून फुंकर मारली तर थरथरावा. जास्त आवळल्या की आवाज गुदमरतो.

चामड्याचं पान घेणार असाल तर ऑक्टोबरमधल्या ठाण्याच्या हवेत जपा. ओल्या हवेत पान सैल पडतं, मुलं आवळत जातात, आणि डिसेंबरच्या कोरड्या संध्याकाळी तेच पान आकसून फाटतं. प्लास्टिकचं पान लावा, प्रेक्षकाला दहा फुटांवरून कळत नाही.

जुनी छावणी

आधी संहितेतली चूक दुरुस्त करा. 'रिट्रीट' म्हणजे पळ नाही. तो सूर्यास्ताचा ठोका: हजेरी घ्यायची, पहारे लावायचे. दिल्लीत २९ जानेवारीला विजय चौकात होतो तो बीटिंग रिट्रीट यातूनच आलाय, म्हणून तो सूर्यास्ताला असतो. तुमच्या प्रयोगात तो वेढ्यातली एखादी संध्याकाळ दाखवायला वापरा, मागे हटायला नको.

ड्रम हे त्या काळच्या पायदळाचं घड्याळ आणि भोंगा, दोन्ही होतं. पहाटे रेव्हेली. तंबू मोडून निघायची तयारी करायला जनरल. रांगेत उभं राहायला असेंब्ली. निघायला मार्च. रात्री टॅटू, हा शब्द डचांचा, मूळ अर्थ पिंपाचा नळ बंद करा, म्हणजे गुत्ते बंद आणि शिपाई परत. अचानक हल्ला झाला तर टु आर्म्स. बोलणी करायची असतील तर पार्ली: ढोलजी पुढे येऊन वाजवतो आणि समोरचे तोफा थांबवतात. वेढ्याच्या नाटकात याच्याइतका चांगला क्षण तुम्हाला दुसरा सापडणार नाही. १७७९ च्या अमेरिकी सैन्याच्या नियमपुस्तकात तर पाणी आणायला जाण्याचा वेगळा ठोका आहे, लाकूड आणायला वेगळा.

फाइफ यात काय करते? हुकूम ड्रमचा. फाइफ त्यावर धून चढवते, म्हणजे लांबून ऐकणाऱ्याला कुठला ठोका चाललाय ते चटकन ओळखता येतं, आणि चालणाऱ्याचे पाय जड होत नाहीत. नावातही तेच: फाइफ हा जर्मन फायफे, म्हणजे शिट्टी-बासरी, यावरून आलेला शब्द. स्विस भाडोत्री पायदळाने ही जोडी युरोपभर नेली. बाझेल शहरात आजही उत्सवात पहाटे चार वाजता दिवे मालवून पिकोलो आणि ड्रम निघतात. इंग्रजी सैन्यात फाइफ मधल्या काळात मागे पडली होती, १७४० च्या दशकात परत आली. म्हणजे १७७४ ला ती अगदी रुळलेली.

चाल. एनसीसीतल्या मुलांना मिनिटाला १२० पावलांची सवय असते, तीही तीस इंची. १७७९ च्या त्याच पुस्तकात साधी चाल ७५ पावलांची, पाऊल दोन फुटांचं; जलद चाल १२०. इंग्रजांचे स्वतःचे आकडे काळानुसार बदलत गेले, पण ७५ धरलंत तर काळाचा भास बरोबर येईल. मुलांना हे फार संथ वाटेल. पाय उचलून हवेत धरावा लागतो, तोल जातो. तेव्हा चालायचा सराव वाद्याशिवाय, वेगळा घ्या.

बिगुल काढून टाका, पायदळात तो नंतर रुळला. बेस ड्रमही नको. साईड ड्रम आणि फाइफ, बस. पलटणीतल्या प्रत्येक तुकडीला ढोलजी असायचा. मोठ्या प्रसंगी पलटणीतले सगळे एकत्र आणायचे.

पोशाखात एक गंमत आहे. इंग्लंडच्या राजाच्या पलटणींसाठी १७६८ च्या फर्मानात ढोलजी आणि फाइफवाल्यांचे कोट उलट्या रंगाचे ठरवलेले आहेत: पलटणीच्या कोटाची पट्टी पिवळी असेल तर यांचा कोटच पिवळा आणि पट्टी लाल. (राजाच्या खास 'रॉयल' पलटणी याला अपवाद.) धुरात कप्तानाला हुकूम देणारा माणूस पटकन सापडावा, हा फायदा. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेला तेच लागू करायचं की नाही ते तुम्ही ठरवा, पण रंगमंचावर वेगळा रंग उपयोगीच पडेल.

हिंदुस्थानापुरतं आणखी एक. कंपनीच्या शिपाई पलटणींतही ढोलजी-फाइफवाले होते, आणि त्यात युरेशियन पोरं बरीच. १७९५ मध्ये कंपनीने नियम केला की आई-बाप दोघंही युरोपियन नसतील तर फौजेत फक्त फाइफर, ढोलजी, बँडवाला किंवा नालबंद होता येईल. तुमच्या प्रसंगानंतरचं आहे, संहितेत घालू नका. पण तेरा वर्षांच्या मुलाला फाइफ देताय, ते इतिहासाला सोडून नाही, एवढं त्यावरून कळतं.

मराठ्यांच्या बाजूला नगारा, शिंग, कर्णा द्या. ताशेवाली चारही पोरं इंग्रजांकडे खर्च करू नका.

घोडबंदरकर

सगळ्यांचे आभार. रिट्रीटची चूक सुधारली, पार्लीचा प्रवेश वाढवतोय. ताशेवाल्यांपैकी दोघं आता मराठ्यांच्या बाजूला.

दोन शंका. बासरीवाल्या तिघांना दुसऱ्या सप्तकात फुंकलं की दहा मिनिटांत गरगरतं. आणि प्रयोगानंतर राष्ट्रगीत याच वाद्यांवर घ्यावं असं काहींचं म्हणणं आहे. फाइफवर बसेल?

नेरुळची वेणू

गरगरणं हवा वाया जाण्यामुळे आहे. बासरीच्या मोठ्या भोकाची सवय असलेली मुलं ओठांची फट तशीच रुंद ठेवतात आणि वरचा स्वर काढायला नुसता जोर लावतात. फाइफला जोर कमी, फट बारीक. आरसा घेऊन बसवा: फट तांदळाच्या दाण्याहून मोठी दिसता कामा नये, आणि ती भोकाच्या बरोबर समोर हवी. सप्तक बदलताना फुंकीचा जोर थोडा वाढतो, पण मुख्य काम ओठ पुढे नेऊन भोकापर्यंतचं अंतर कमी करण्याचं. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं वाजवणं, पाच मिनिटं बसून बोटं. उभ्याने तर नाहीच. चौथ्या आठवड्यापर्यंत सलग पंधरा मिनिटं टिकली तरी पुष्कळ. ओठ थकले की स्वर आधी उतरतो, मग फाटतो, तिथे थांबवा.

बोटांचं एक: पहिल्या आणि दुसऱ्या सप्तकाची बोटं सारखीच, फक्त दुसऱ्या सप्तकातल्या सहा-बंद स्वराला पहिलं बोट उचला, स्वर स्वच्छ सुटतो. तिसऱ्या सप्तकाची बोटं मात्र वेगळी आणि आडवळणी. फाइफसोबत तक्ता येतो तोच पाठ करा, एका फाइफचा तक्ता दुसरीला लागेलच असं नाही. आणि बासरीवाले अर्धं भोक दाबून शुद्ध मध्यम घेतात, ते इथे सोडायला लावा. भोक इतकं लहान की अर्धं कधी नीट होत नाही. पहिलं उघडं, दुसरं-तिसरं बंद, बाकी उघडी.

राष्ट्रगीताचा विस्तार खालच्या नि पासून वरच्या सा पर्यंत. 'भाग्यविधाता'ला खालचा नि लागतो, 'जय हे' वरच्या सा ला जातं. सहा-बंद स्वराला सा धरलात तर खालच्या नि ला सगळी भोकं उघडी आणि लगेच सा ला सगळी बंद, तेही सप्तक बदलून. एकत्र सहा जणांचं ते कधीच जुळत नाही. बासरीसारखा तीन-बंद सा धरा: खालचा नि चार बंद करून, शुद्ध मध्यम वर सांगितला तसा, वरचा सा पुन्हा तीन बंद, दुसऱ्या सप्तकात. आवाज लहान लागेल, म्हणून ड्रम पूर्ण थांबवा. आणि ५२ सेकंदांत बसतंय का ते घड्याळ लावून बघा. फाइफवाले दम घ्यायला प्रत्येक ओळीला थांबतात आणि गीत सत्तर सेकंदांवर जातं. निम्म्यांनी एका ओळीच्या शेवटी श्वास घ्यायचा, निम्म्यांनी मध्ये. असं वाटून दिलं की खंड पडत नाही. हे जमत नसेल तर राष्ट्रगीत गाऊन घ्या, अर्धवट वाजवण्यापेक्षा बरं.

सहाभोकं यांनी तापमानाचं लिहिलं नाही, म्हणून मी लिहिते. हवा दहा अंशांनी गार झाली की अशा नळीचा स्वर तीस सेंट उतरतो, म्हणजे अर्ध्या सुराचा जवळजवळ तिसरा हिस्सा. ऑक्टोबरच्या दुपारी ३४ अंशांत कापून जुळवलेली फाइफ डिसेंबरच्या संध्याकाळी उतरी लागणारच. सगळ्या एकदम उतरतात आणि ड्रमला स्वर नाही, त्यामुळे आपापसांत बिघडत नाही. पण पेटी किंवा रेकॉर्ड सोबत असेल तर हसं होईल. प्रवेशाआधी पाच मिनिटं फुंकून सगळ्या नळ्या गरम करून घ्या. एकाचीच गार राहिली तर तीच बोचते.

प्रमाण: सहा फाइफ, तीन किंवा चार ड्रम. चालताना फाइफ पुढे, ड्रम मागे, म्हणजे फाइफवाल्यांना ठोका पाठीत ऐकू येतो आणि प्रेक्षकांपर्यंत धून आधी पोहोचते. ड्रम पुढे ठेवलेत तर मागच्या मुलांना स्वतःची फाइफ ऐकू येत नाही, मग ती जोरात फुंकतात आणि चढतात. संघाच्या घोषात वंशी वाजवलेलं कुणी मिळालं तर जरूर घ्या. आडवी धरून, वाजवत, पाय जुळवत चालणं त्यांना आधीच येतं, आणि तेच शिकवायला सगळ्यात जास्त वेळ जातो.

सराव बंद खोलीत नको. तिसऱ्या सप्तकातली फाइफ आणि साईड ड्रम, दोन्ही कानाला खरोखर अपाय करणारी वाद्यं आहेत. ड्रमच्या शेजारी उभ्या मुलांना फोमचे बोळे द्या. सोसायटीच्या आवारातही नको: निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे, शाळा-रुग्णालयापासून शंभर मीटरच्या आत ५०, आणि हे पथक ती पहिल्या ठोक्यालाच ओलांडतं. मोकळं मैदान बघा, परवानगी घ्या, आणि वेळ ठरवून पाळा.

लाकडी फाइफ मागवलीत तर पहिले दोन आठवडे रोज दहा मिनिटांपेक्षा जास्त नाही. ओल्या श्वासाने आतलं लाकूड फुगतं, बाहेरचं कोरडं राहतं, आणि चीर जाते. वाजवून झालं की काडीला कापड गुंडाळून आतून पुसा, आठवड्यातून एकदा आतून बदामाच्या तेलाचा पुसट हात. बुचाला तेल लागू देऊ नका, सरकतं. गाडीच्या डिकीत तर कधीच ठेवू नका.

जुनी छावणी

वेळ पाळण्यावरून आठवलं. ४ जून १७७७ ला अमेरिकी सेनापती वॉशिंग्टनने हुकूम काढला होता: सैन्याचं संगीत एकंदर फार वाईट आहे, ड्रम मेजर आणि फाइफ मेजर, म्हणजे वादकांच्या प्रमुखांनी, ते सुधारावं, नाहीतर पायउतार व्हावं आणि जादा पगार जाईल, सरावाच्या वेळा ठरवून द्याव्यात. युद्ध चालू असताना. तेव्हा दहा आठवड्यांत वाईट वाजलं तर फार मनाला लावून घेऊ नका.

ढोलाचं पान

जादा पगार म्हणजे इथे वडापाव. तोही कापता येतो.

घोडबंदरकर, कामाचं बोलतो. सगळं एकदम शिकवू नका. पहिले चार आठवडे ड्रम आणि फाइफ वेगवेगळे, फक्त चालायचा सराव एकत्र. पाचव्या आठवड्यात एकच धून, आठ-आठ मात्रांचे दोन भाग, उभं राहून. सहाव्यात तीच धून जागेवर पाय मारत. सातव्यात चालत. दुसरी धून सातव्याच्या आधी काढलीत तर दोन्ही अर्धवट राहतील. प्रयोगाला एक धून, एक मार्चचा नुसता ड्रमचा ठोका, रिट्रीट आणि पार्ली, एवढं पुरतं. मार्चच्या ठोक्यावर तुकडी आत येईल, धून मध्यावर येऊ द्या, म्हणजे फाइफवाल्यांचा दमही वाचेल.

आणि सुरुवात-शेवट पक्के करा. पथक बिघडतं ते मध्ये नाही, थांबताना. शेवटच्या ठोक्याआधी ड्रम मेजरने काठी वर नेली की पुढच्या आठ मात्रांनी थांबायचं, हे आधी टाळ्यांवर बसवा.

घोडबंदरकर

शेवटची शंका. एक मुलगा डावरा आहे, फाइफ डावीकडे धरतो आणि बाकीच्यांपेक्षा त्याचीच फुंक चांगली लागते. आणि ड्रममध्येही एक डावरी मुलगी आहे. सक्तीने बदलायचं का?

सहाभोकं

फाइफला किल्ली नाही, सहा भोकं एका रेषेत, फुंकायचं भोक दोन्ही बाजूंनी सारखं. डावीकडे धरली तरी वाद्य तेच. अडचण रांगेची आहे: बाकीच्यांच्या फाइफ उजवीकडे निघालेल्या, त्याची डावीकडे, आणि दोन मुलांमधलं अंतर दीड हात. डाव्या शेजाऱ्याच्या फाइफवर आपटेल. त्याला रांगेच्या डाव्या टोकाला उभा करा, बाहेरची बाजू मोकळी मिळेल. वळताना मात्र तो आतल्या किंवा बाहेरच्या वर्तुळावर राहील, तेव्हा पावलाची लांबी त्याच्याकडून वेगळी बसवून घ्या.

ढोलाचं पान

डावरीला बदलू नका, पण ड्रमही उजव्या बाजूला लटकवू नका. चालताना शेजारच्याच्या ड्रमला ठोकरा बसतील. ड्रम सगळ्यांसारखाच डावीकडे, धरणंही तेच, फक्त बोल डाव्या हाताने सुरू करू द्या. काड्या वर उठताना एकसारख्या दिसायला हव्या असतील तर पॅराडिडलपासून सुरुवात करा. त्यात हात आपोआप आलटून येतो, दोन्ही हात सारखे तयार होतात, आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ती उजव्यानेही सुरू करायला लागेल. नाही लागली तर मागच्या रांगेत उभी करा.